डोहाळजेवण एका बदनाम पक्ष्याचं

आधी झाड तोडणाऱ्याची बाजू ऐकून घेऊ.

घरामागे कदंबाचं जुनं झाड. पावसाळा सरला की त्याच्या शेंड्यावर जवळजवळ पाच फूट उंचीचे पक्षी उतरतात आणि काटक्यांचे भलेथोरले माचे रचतात. एकच जोडी असती तर एक वेळ चाललं असतं, पण इथे एका झाडावर चार-पाच संसार शेजारीशेजारी थाटलेले. हिवाळ्यात पिल्लं निघतात आणि ती उडून जाईपर्यंत, म्हणजे पार मार्च-एप्रिलपर्यंत, वरून काही ना काही पडत राहतं. विष्ठा पडतेच. शिवाय पिल्लाला भरवताना चोचीतून निसटलेला अर्धवट पचलेला मासा पडतो. सापाचा तुकडा पडतो. उकिरड्यावरून उचलून आणलेलं, अजून मांस चिकटलेलं हाड पडतं. परसातली भाजी करपते, दोरीवरची धुतलेली चादर पुन्हा धुवावी लागते, आणि वास असा की पाहुण्यांना अंगणात बसा म्हणायची सोय नाही. पक्षी सरकारचा असेल, पण झाड आपलं, अंगण आपलं, आणि सकाळी केरसुणी घेऊन ते झाडणारी बाई आपल्या घरची. कुऱ्हाड आणली तर त्यात वाकडं काय?

आसामातल्या कामरूप जिल्ह्यात, ब्रह्मपुत्रेच्या उत्तर तीरावर, गुवाहाटीपासून फार लांब नाहीत अशी दादरा, पचरिया आणि शिंगिमारी ही गावं आहेत. तिथली माणसं वर्षानुवर्षं असाच विचार करत होती, आणि त्यात मला काही राक्षसी दिसत नाही. आज त्याच गावांत त्या पक्ष्याची, म्हणजे हरगिल्याची, जगातली सर्वांत मोठी वीण-वसाहत आहे आणि त्याच्या हंगामात तिथल्या बायका त्याचं चक्क डोहाळजेवण करतात. हे कोणत्या क्रमाने घडलं आणि त्यातलं आपल्याकडे काय लागू पडतं, ते तपासून पाहावं म्हणून हा लेख.

मला यात रस का, तेही सांगतो. मी हौशी पक्षिनिरीक्षक. मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसापासून सालिम अलींच्या वाढदिवसापर्यंत, म्हणजे ५ ते १२ नोव्हेंबर, महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. २०२० पासून तो सरकारी पातळीवरही साजरा होतो. त्या आठवड्यात शाळेत, ग्रंथालयात, सोसायटीच्या हॉलमध्ये मी पडद्यावर फोटो दाखवत बोलतो. लोक टाळ्या वाजवतात, चहा-बिस्किटं होतात, एखादे आजोबा "आमच्या लहानपणी चिमण्या किती होत्या" सांगतात. मग गेल्या मे महिन्यात आमच्याच सोसायटीतल्या रेन ट्रीच्या फांद्या उतरवण्यात आल्या. बगळ्यांच्या घाणीने गाड्या खराब होतात, असा अर्ज होता. त्या अर्जावर सही करणाऱ्यांत माझ्या व्याख्यानाला पहिल्या रांगेत बसणारे दोघे होते. तेव्हापासून 'जनजागृती' हा शब्द मी जरा जपूनच वापरतो.

पक्षी कोण

हरगिला हे आसामी नाव मराठी माणसाला फोडून सांगावं लागत नाही. हाड आणि गिळणं. हाडगिळ्या. आपल्या पक्षिसूचीत त्याला 'मोठा क्षत्रबलाक' असं भारदस्त नाव आहे, पण ते सूचीतच राहिलेलं. महाराष्ट्रात हा पक्षी नाही. त्याचा धाकटा भाऊ, लहान क्षत्रबलाक, विदर्भातल्या जंगलांतून अधूनमधून दिसतो. इंग्रजांनी त्याची ताठ मानेने, पावलं मोजत चालण्याची ढब पाहून लष्करातल्या अ‍ॅडज्युटंट या हुद्द्याचं नाव त्याला दिलं.

दिसायला म्हणाल तर देवाने उरलेल्या सामानातून बनवल्यासारखा. टक्कल, त्यावर चार विस्कटलेले केस, नागडी पिवळट-गुलाबी मान, गळ्याखाली लोंबणारी पिशवी आणि पाचरीसारखी जाड चोच. त्या पिशवीत तो अन्न साठवतो असं पुष्कळांना वाटतं, ते खरं नाही. तिच्यात हवा भरते. पंख पसरले की मात्र अडीच मीटर. खाली उभा असताना ज्याच्याकडे बघवत नाही, तोच आभाळात गेला की मान वर करून बघत राहावा असा.

एकोणिसाव्या शतकात कलकत्त्यात तो इतका होता की शहराच्या सफाईची निम्मी भिस्त त्याच्यावर असावी. महापालिकेच्या जुन्या बोधचिन्हावर दोन हरगिले चोचीत साप धरून उभे आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरातून तो नाहीसा झाला, बोधचिन्हावर राहिला. पुढे सगळीकडूनच आक्रसत आक्रसत तो तीन जागी उरला: आसाम, बिहारमधला भागलपूरचा परिसर आणि कंबोडिया. एक काळ असा आला की जगात त्याचे पूर्ण वाढ झालेले पक्षी बाराशेसुद्धा नव्हते.

आणि हे उरलेसुरले राहत कुठे होते? अभयारण्यात असते तर वन खात्याने पाटी लावून कुंपण घातलं असतं. हरगिल्याला घरट्यासाठी उंच, जुनी, रुंद माथ्याची झाडं लागतात: कदंब, सावर, सातवीण. गावाबाहेरची अशी झाडं कधीच गेली होती. उरली ती लोकांच्या परसात. खाणं बिलांमध्ये, म्हणजे तिथल्या पाणथळींमध्ये, आणि गुवाहाटीच्या बोरागावच्या कचरा डेपोवर. म्हणजे जगातला एक दुर्मीळ पक्षी कचऱ्यावर जेवत होता आणि खाजगी मालकीच्या झाडावर झोपत होता. कायद्याचं संरक्षण पक्ष्याला होतं. पण परसातल्या प्रत्येक कदंबाखाली कायदा पहारा देत बसणार थोडाच!

नऊ पिल्लं

हे चित्र बदलायला घेणाऱ्या पूर्णिमा देवी बर्मन याच मातीतल्या. पाच वर्षांच्या असताना त्यांना ब्रह्मपुत्रेकाठी आजीकडे ठेवलं गेलं. आजी शेतकरी. ती नातीला भाताच्या शेतात आणि बिलाकाठी घेऊन जायची, पक्षी दाखवायची, बगळ्या-करकोच्यांची गाणी शिकवायची. हा तपशील पुढे कामाला येतो, म्हणून लक्षात ठेवा. बाईंचा पक्ष्यांचा पहिला धडा गाण्यातून झाला होता. मग प्राणिशास्त्राची पदवी, पदव्युत्तर शिक्षण, गुवाहाटीच्या 'आरण्यक' या संस्थेशी संबंध आणि हरगिल्यावर पीएच.डी.चं काम.

२००७ मध्ये दादरात एकाने परसातलं झाड पाडलं. त्यावर घरटी होती, नऊ पिल्लं खाली आली. बाई धावत गेल्या आणि शिकलेला माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. हा पक्षी किती दुर्मीळ आहे, तो निसर्गाचा सफाई कामगार कसा आहे, हे मालकाला सांगू लागल्या. बघता बघता आळीतली माणसं जमली आणि सगळी त्यांच्यावरच उखडली. एवढा पुळका आहे तर रोज येऊन आमच्या अंगणातली घाण काढ, मोलकरीण म्हणून राहा, असा एकंदर सूर.

मुलाखतींमधून बाईंनी हा प्रसंग बरेचदा सांगितला आहे. त्यांच्या घरी तेव्हा लहानग्या जुळ्या मुली होत्या. जमिनीवर तडफडणारी पिल्लं पाहताना त्या आठवल्या, असं त्या सांगतात. पीएच.डी. बरीच वर्षं बाजूला पडली. पदवी मिळाली २०१९ मध्ये.

मला मात्र त्या टोमण्यापाशी थांबावंसं वाटतं. घाण काढायला ये. ऐकायला अपमान आहे, पण अख्ख्या प्रकरणाचं निदान त्या तीन शब्दांत आहे. लोक पक्ष्याची उपयुक्तता नाकारत नव्हते, त्यांचा प्रश्न साधा होता: उपयोग जगाला आणि केरसुणी आमच्या हातात, हा कुठला न्याय? याला पडद्यावरचा कुठलाही फोटो उत्तर देऊ शकत नाही. आणि केरसुणी ज्यांच्या हातात होती, त्या बायका या वादात कुठेच नव्हत्या. झाड पुरुषाच्या नावावर, बैठकीला पुरुष, हो म्हणणारा पुरुष, आणि हंगाम आला की कुऱ्हाड चालवणाराही तोच.

आधी पिठा, मग पक्षी

बायकांना बोलवायचं ठरवलं तरी त्या येणार कशा? "पक्षी संवर्धनावर व्याख्यान" असा निरोप दिल्यावर सकाळच्या चुली, दुपारचं शेत आणि संध्याकाळचा हातमाग टाकून कोण येतं? मोजक्या आल्या. तेव्हा बर्मन यांनी पाककृतींची स्पर्धा ठेवली. आसामी घरात तांदळाच्या पिठाचे पिठा हा मानाचा विषय, आपल्याकडे उकडीच्या मोदकाच्या कळ्यांवरून सुगरण ठरते तसा. बायका आल्या, भरपूर आल्या. पदार्थ मांडले गेले, चाखले गेले, बक्षिसं झाली, आणि माणसं निवांत बसली असताना मग पक्ष्याचं बोलणं निघालं.

इथे कुणी म्हणेल, ही तर युक्ती झाली. जेवणाचं आमिष दाखवून भाषण ऐकवणं. असंही करता येतं आणि आपल्याकडे ते सर्रास होतं: हळदी-कुंकवाला बोलवायचं आणि मध्येच विमा एजंट उभा करायचा. फरक कुठे पडला, तर बर्मन एकदाच येऊन गेल्या नाहीत. येत राहिल्या. आणि बोलण्याचा सूरही बदलला होता. दुर्मीळ, संकटग्रस्त, परिसंस्था ही भाषा मागे पडून आईपणाची भाषा आली. ती घरट्यात बसलीय, पाच आठवडे अंडी उबवतेय, तुझ्या दारी बाळंतपणाला आलीय. सासुरवाशिणीला माहेरची ओढ काय असते हे वेगळं समजावून सांगावं लागणार नव्हतं.

तिथून पुढे आलं पंचामृत. आपल्याला हा शब्द पूजेतल्या दूध-दही-तूप-मध-साखरेचा म्हणून माहीत. आसामात गर्भवतीच्या सोहळ्यालाही पंचामृत म्हणतात. आपलं डोहाळजेवण किंवा ओटीभरण म्हणा. गावच्या बायकांनी तो सोहळा हरगिल्यासाठी करायला सुरुवात केली. घरटी भरायच्या हंगामात बायका मेखला-चादर नेसून जमतात, पक्ष्याची प्रतिकृती मांडतात, फळं-नैवेद्य ठेवतात आणि गर्भारणीसाठी म्हणायची गाणी पक्षिणीसाठी म्हणतात. पिल्लं निघाली की त्यांचेही वाढदिवस. काही जणी कागदाच्या लगद्याची, चोच पुढे आलेली हरगिल्याची टोपी घालतात. फोटोत ते दृश्य पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. नीट पाहिल्यावर लक्षात आलं, की त्या बायकाही हसतच होत्या. अवलक्षणी म्हणून ज्याची सावली नको होती, त्याचं तोंड आपल्या डोक्यावर चढवून त्या गावातून मिरवत होत्या.

सोहळा म्हटला की काही गोष्टी आपोआप घडतात, आणि व्याख्यानाला इथेच जमत नाही. डोहाळजेवण एकदा घातलं की त्या बाळंतिणीची जबाबदारी गावावर येते. ज्या झाडाखाली गाणी म्हटली, ते झाड फेब्रुवारीत तोडायचं कसं? नवऱ्याने कुऱ्हाड काढली तर घरात कुणाशी गाठ आहे, हे त्याला ठाऊक असतं. शिवाय सोहळा दर वर्षी येतो. माझं व्याख्यान दर वर्षी असतं खरं, पण ते कुणाच्या पंचांगात नाही.

गामोसा, माग आणि जाळी

भावनेवर एवढं टिकत नाही, हेही तिथे कुणाच्या तरी वेळेवर लक्षात आलं असणार. या बायकांच्या गटाला पुढे 'हरगिला आर्मी' म्हणू लागले. गटाला हातमाग आणि सूत मिळालं. आसामी बाई मागावर बसतेच. आता गामोशाच्या काठावर आणि चादरीच्या पदरावर पारंपरिक नक्षीच्या जोडीला हरगिला विणला जाऊ लागला. कापड विकलं जातं, पैसे बाईच्या हातात येतात. गामोसा म्हणजे आसामचा मान: पाहुण्याच्या गळ्यात घालायचा, बिहूला थोरांना द्यायचा. त्यावर हा पक्षी आला याचं मोल मराठी वाचकाला कसं सांगू? पैठणीच्या पदरावर मोराच्या जागी गिधाड विणून ते लग्नात नेसण्यासारखं.

झाडमालक पुरुषांकडेही दुर्लक्ष झालं नाही. ज्याच्या परसात घरटी, त्याचा चारचौघांत गामोसा घालून सत्कार. ज्या झाडावर घरटी जास्त त्याचा मालक मोठा, अशी एक गोड चुरस गावात लागली. कालपर्यंत ज्याच्या अंगणात घाण होती, त्याच्या अंगणात आता प्रतिष्ठा होती. घाण तेवढीच होती, हे विसरू नका.

मला सगळ्यात आवडलेली वस्तू मात्र सोहळ्यातली नाही. ती जाळी. हरगिल्याची पिल्लं वाऱ्याने, धक्काबुक्कीने घरट्यातून खाली पडतात. एवढ्या उंचीवरून पडलेलं पिल्लू वाचणं कठीण. म्हणून घरट्यांच्या झाडाखाली जाळ्या बांधतात. जाळीत पडलेलं, जखमी झालेलं पिल्लू गुवाहाटीच्या प्राणिसंग्रहालयात उपचाराला जातं आणि सावरलं की सोडलं जातं. त्या जाळीमुळे घरच्या बाईला करण्यासारखं काहीतरी मिळालं. सकाळी उठून जाळी बघायची. पडलंय का कुणी? असेल तर फोन करायचा. पक्ष्यांचं ज्ञान या रोजच्या बघण्यातून आलं. किती अंडी, कुठलं पिल्लू मोठं, नर-मादी आळीपाळीने कसे बसतात, पंख केव्हा फुटतात, हे पुस्तक न उघडता त्यांना कळत गेलं. त्या बर्मन यांना 'हरगिला बायदेओ' म्हणतात. बायदेओ म्हणजे ताई. मॅडम नाही, हे महत्त्वाचं.

हिशेब

आकडे थोडक्यात. काम सुरू झालं तेव्हा या गावांत २८ घरटी होती. बर्मन यांच्या मोजणीनुसार ती २०२२ पर्यंत २५० च्या वर गेली. 'आर्मी'त दहा हजारांहून जास्त बायका आहेत. घरट्यांच्या झाडांजवळ आणि पाणथळींच्या आसपास त्यांनी ४५,००० रोपं लावायला मदत केली. २०१७ पासून बांबूचे उंच कृत्रिम माचेही उभारले गेले आणि दोनेक वर्षांत त्यांवर पिल्लं निघाली. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय लाल यादीत या पक्ष्याची श्रेणी 'संकटग्रस्त'वरून थेट 'संकटसमीप' अशी सुधारली. पुरस्कार म्हणाल तर निसर्गसंवर्धनासाठीचा २०१७ चा व्हिटली पुरस्कार आणि नारी शक्ती पुरस्कार, २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ', २०२४ मध्ये व्हिटलीचाच सुवर्ण पुरस्कार.

हे सगळं एका डोहाळजेवणाने झालं असं समजणं भाबडेपणा ठरेल. भागलपूरकडे बघा. तिथे कोसीच्या दियारा, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या, भागात, कदवा परिसरात, २००६-०७ च्या सुमारास याच पक्ष्याची वीण आढळली. तिथल्या लोकांनी त्याला गरुड ठरवलं, विष्णूचं वाहन. वाहन म्हटल्यावर कुऱ्हाड कशी चालेल? तिथेही संख्या वाढली. पण तिथे पक्ष्याला देवत्व तयार मिळालं. कामरूपमध्ये उलट होतं: पक्षी अशुभ, घाणेरडा, रोग आणणारा. शून्याच्याही खालून सुरुवात करायची होती, म्हणून हे प्रकरण मला जास्त शिकवणारं वाटतं.

नागालँडमधल्या पांगतीचं उदाहरणही देतात. २०१२ मध्ये दोयांग जलाशयापाशी हजारो अमूर ससाणे जाळ्यांत धरले जात असल्याचं उघड झालं आणि पुढच्याच हंगामात ते थांबलं. तिथे वजन पडलं ते ग्रामसभेचं आणि चर्चचं. गावाने निर्णय घेतला, गावाने पाळला. तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे: पक्ष्याविषयीचं बोलणं लोक जिथे आधीपासून जमत होते तिथे गेलं. पांगतीत चर्चमध्ये, कदव्यात देवाच्या गोष्टीत, दादरात पिठ्याच्या ताटाशी. लोकांना नवीन ठिकाणी बोलावण्याचा हट्ट कुणी धरला नाही.

आता न सुटलेलं. हरगिल्याचं ताट अजून कचऱ्याचंच आहे. झाडं वाचली, घरटी वाढली, पण पिल्लांना जे भरवलं जातं त्यात शहराच्या डेपोवरचा ऐवज असतो: प्लास्टिक, रसायनं, काय वाटेल ते. बोरागावशेजारचं दीपोर बील २००२ पासून रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची म्हणून नोंदलेली पाणथळ, आहे, त्यावर चहूबाजूंनी शहर चालून येतंय. पाककृती स्पर्धा महापालिकेला कचरा वेगळा करायला लावू शकत नाही. शिवाय विष्ठेने जी भाजी करपते ती आजही करपते, त्याची भरपाई मानाने होते, पैशाने अंशतः. मान किती पिढ्या पुरतो? आणि सगळ्या लेखांत, बातम्यांत एकच नाव येतं, हा बाईंचा दोष नाही, पण कामाचा कच्चा दुवा आहे. दहा हजार बायकांपैकी पाच-पन्नास नावं आपल्याला माहीत असती तर मी जास्त निर्धास्त झालो असतो.

रेन ट्रीखाली

हे सगळं वाचून, ऐकून मी आमच्या सोसायटीच्या प्रकरणाकडे परत आलो. साम्य डोळ्यांत भरणारं. पावसाळ्यात रेन ट्रीवर रातबगळे आणि गायबगळे घरटी करतात. मराठीत अशा वसाहतीला सारंगागार असा देखणा शब्द आहे. पार्किंगमध्ये तो कुणी वापरत नाही, तिथले शब्द छापण्यासारखे नाहीत. फांद्या उतरतात मेमध्ये, पावसाच्या तोंडावर, नेमक्या घरट्यांच्या आधी. वादात बोलणारे सगळे पुरुष, कारण गाड्या त्यांच्या. खाली पडलेली पिल्लं उचलून बाजूला ठेवणारी, चुन्याचे सडे धुणारी, ती सफाईवाली मावशी. तिला मी आजवर एकदाही विचारलं नव्हतं. परवा विचारलं. तिने मला सांगितलं, की पिल्लं सगळ्यात जास्त पडतात ती कोपऱ्यातल्या फांदीवरून, जिथे केबलची वायर घासते, आणि रात्री वारा सुटला की सकाळी दोन-तीन तरी असतातच. पाच वर्षं मी त्या झाडाचे फोटो काढतोय. मला ही वायर दिसली नव्हती.

आसामची नक्कल करून बगळ्यांचं डोहाळजेवण घालावं असं मला वाटत नाही. आमच्याकडे ते नाटकी होईल, आणि दुसऱ्या दिवशी त्याचं रील होऊन सगळं संपेल. पण संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत सोसायटीत हळदी-कुंकू असतं, त्याला ऐंशी-नव्वद बायका येतात. माझ्या पक्षी सप्ताहाच्या व्याख्यानाला सतरा जण होते, त्यांतले चार माझ्या घरचे.

बायकोला म्हटलं, या वर्षी हळदी-कुंकवात मला पंधरा मिनिटं मिळतील का?

ती म्हणाली, "तुला? हळदी-कुंकवाला? तू काय वाण लुटणार आहेस?"

मग जरा वेळाने स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला. "मावशींना बोलवू. त्यांना काय ते सांगू दे, वायरीचं आणि पिल्लांचं. पाच मिनिटं बास. जाळी किती फुटी लागेल ते तू मोजून ठेव. आणि तुझे ते फोटो आणू नकोस."

काल टेप घेऊन खाली गेलो होतो. कोपऱ्यातल्या फांदीखाली वीस फूट बाय बारा फूट लागेल, आणि एक टोक सेक्रेटरींच्या पार्किंगच्या खांबाला बांधावं लागेल.